द्वारकाबाईंच्या बुडाल्या नथेची बखर

श्रीगजाननास नमन, सरस्वतीस नमन, आणि ज्याने आमचे पोट ढवळले परंतु जीव राखिला त्या दर्यासही दुरूनच नमन. शके एकोणीसशे चार, दुंदुभीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पक्ष. तिथी व वार लिहावा तर ते समयी लेखकास होडी लागली होती, सबब स्मरण नाही. श्रीमंतांनी आज्ञा केली की, "तुम्ही त्या मोहिमेत जातीने हजर होता, तर नथेचा मजकूर साद्यंत लिहून काढावा, लोक भलतेसलते सांगत सुटले आहेत." म्हणून जैसे पाहिले तैसे लिहिले. काही न पाहिलेलेही लिहिले, कारण ओकारीचे वेळी मान काठाबाहेर होती आणि नुसता कान मोहिमेत होता.

राज्य सिनेमाचे. या राज्यास भूमी नाही, तट नाही, तोफ एकच आणि तीही पुठ्ठ्याची. जेथे दिवे लागले ती राजधानी आणि जेथे चहा उकळला तो दरबार. राज्याचे धनी श्रीमंत शिवदासपंत, दिग्दर्शक, अंगाने किरकोळ परंतु आवाज ऐसा की कर्णा हाती नसला तरी चालावे. त्यांचे मनी आले की बुडाल्या खजिन्याचा एक चित्रपट करावा, गाण्याबजावण्याचा, हसण्याखेळण्याचा. नायकाने दर्यात बुडी मारावी, पेटी काढावी आणि वर येताच गाणे म्हणावे. कोणी भीत भीत पुसिले की, "महाराज, बुडी मारून वर आल्यावर लगेच गाणे कसे म्हणवेल? दम लागेल." श्रीमंत बोलिले, "चित्रपटात दम लागत नाही." मग पुढे कोणी काही पुसिले नाही, आणि फौज, सरंजाम, दिवे, पेट्या, पोशाख आणि आचारी ऐसे सर्व घेऊन कोकणात एका बंदरी तळ पडला.

खाशा मंडळींचा तपशील तो असा. सरदार मृगेंद्रराव हे नायक. छाती रुंद, केस दाट, हसले म्हणजे समोरच्याने आपले दुःख विसरावे ऐसे माणूस. परंतु पाण्याचे भय इतके की आंघोळही डोळे उघडे ठेवून तांब्या तांब्याने करावी. हे त्यांनी करारावर सही करताना सांगितले नाही आणि श्रीमंतांनी पुसिले नाही, कारण खजिना काढणारा नायक पाण्यास भितो हे कोणाच्या मनात यावे? पहिल्याच दिवशी बंदरावर ते उघड जाहले, तेव्हा श्रीमंत कपाळास हात लावून वाळूत बसले. मग तेथला वासू तांडेल, होडीचा धनी आणि बुडी मारण्यात पटाईत, यास सरदारांचा पिवळा सदरा चढवून सरदारांऐवजी पाण्यात उतरवावे ऐसे ठरले. वासूच्या मिशा भरघोस. भादरावयास सांगितले तर तो बोलिला, "मिशेक हात लावशात तर होडी मिळाची नाय." मग पाण्याखाली मिशा कोणास दिसतात, म्हणून राहू दिल्या.

तिसऱ्या द्वारकाबाई. राजमातेचे काम त्यांजकडे. बाई मूळच्या संगीत नाटकातल्या, आईच्या मांडीवर असतानाच ताल शिकलेल्या, एके काळी त्यांच्या पदास लोक पुन्हा पुन्हा 'वन्समोर' देत आणि बाकी नाटक पहाटेवर जाई. त्यांजपाशी आईची नथ होती. खऱ्या मोत्यांची, मधे एक लाल खडा; नाटकात ती कधी हिच्या कधी तिच्या नाकी चढवावी लागे म्हणून आईने ती चापाची करून घेतली होती, टोचलेले नाक नको की काही नको, चिमटली की बसली. आईने जाताना सांगितले होते की, "घरात जी पुढे बोहल्यावर उभी राहील तिला ही घाल." बाईंची लेक सरकारी कचेरीत सही करून मोकळी जाहली, नथ घालावयास वावच दिला नाही, मग बाईंनी सगळा जीव नातीवर लाविला. नात कुमुद हिचे लग्न माघात ठरले होते. बाई येता जाता म्हणत, "कुमुदच्या नाकात ही नथ पाहिली की आईसमोर मान वर करून उभी राहीन बाई."

चौथे नारोपंत. हे राज्याचे सातत्यनीस. बाहेरच्यांस कळावे म्हणून लिहितो की चित्रपटात एका प्रसंगाचे तुकडे करून ते आज एक, परवा एक ऐसे टिपतात, आणि पहिल्या तुकड्यात नायकाचे बटण उघडे असेल तर दुसऱ्यात मिटलेले दिसता नये. याचे नाव सातत्य, आणि ते राखणारा तो सातत्यनीस. नारोपंत या कामात इतके कडक की एकदा अर्ध्या चावलेल्या वड्यास त्यांनी दुसऱ्या दिवशीपर्यंत कुलपात ठेविले होते. माणूस गरीब, मन लोण्याचे, परंतु सातत्य म्हटले की सख्ख्या भावासही ओळखीत नसत.

आता नथ बुडाली कैसी ते ऐका. चित्रपटाच्या आरंभी जुन्या काळचा प्रसंग होता. शत्रू पाठीस लागला आहे, राजमाता होडीत बसून पळते आहे, आणि खजिना वैऱ्याच्या हाती लागू नये म्हणून ती आपली नथ उतरवून पेटीत ठेविते आणि गाणे म्हणत पेटी दर्यात टाकिते. होडी वल्हविणारे दोघे. उजवीकडे वासू तांडेल, आणि डावीकडे मृगेंद्ररावच, कारण नायकाच्या खापरपणजाचे कामही तेच करीत होते. त्यांनी भयाने पोटास मोटारीची ट्यूब बांधून वरून अंगरखा घातला होता, त्यामुळे खापरपणजा भलताच खात्यापित्या घरचा दिसे. कॅमेऱ्याच्या भिंगात दिसू नये म्हणून नारोपंत आणि आम्ही होडीच्या तळाशी दडून बसलो होतो. गाणे ऐसे होते:

दर्यादादा, जप माझं लेणं,
मागाया येईन, तेव्हा दे रे देणं.

गळा मात्र बाईंचा नव्हे. गायनाचे कारभारी शहरातच बोलिले होते की, "बाईंचा आवाज पिकला." मग एका कोवळ्या गळ्याची ध्वनिफीत आणिली, ती यंत्रावर वाजवावी आणि बाईंनी नुसते ओठ हलवावे ऐसे केले.  परंतु ती फीत लागली की बाई पदराचे टोक बोटास गुंडाळीत, इतके की बोट पांढरे पडे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आणि आम्हांस फार वाईट वाटले.

प्रथम नथ पेटीत ठेवितानाचा तुकडा टिपिला. पोशाखखात्याची काचेची नथ भिंगातून अगदीच मेल्यासारखी दिसे, म्हणून श्रीमंतांनी बाईंची खरी नथ मागितली आणि बाईंनी ती दिली. तुकडा संपला, बाईंनी नथ पेटीतून उचलून रिवाजाप्रमाणे नारोपंतांच्या हाती दिली आणि निर्धास्त जाहल्या. मग पेटी टाकण्याचा तुकडा. पेटी थर्माकोलची, वरून सोनेरी रंग, उचलावयास हलकी. बाईंनी ती दर्यात टाकिली, आणि पेटी बुडेना! लाटांवर नाचत नाचत ती उलट होडीकडेच आली, वासूने वल्ह्याने ढकलिली तर दुसऱ्या अंगाने आली, आणि किनाऱ्यावर सारी फौज पोट धरून हसली. श्रीमंत गरजले, "अरे, हा खजिना आहे की बदक?" मग खरी लाकडी पेटी आणून आत दगड भरिले. तिला वासूने दोर बांधिला की मागाहून ओढून काढता यावी. तो दोर भिंगात दिसला. श्रीमंत बोलिले, "इतिहासात दोर नव्हता. सोडा." दोर सोडिला. आणि त्याच गडबडीत नारोपंतांनी पेटी उघडून पाहिली तो आत नुसते दगड. मागल्या तुकड्यात वर नथ होती, या तुकड्यात झाकण उडाले आणि नथ दिसली नाही तर सातत्याचे काय होईल, या विचाराने त्यांनी आपल्या हाताने, फुंकर मारून, मोती पुसून, ती खरी नथ दगडांवर नीट मांडिली आणि झाकण लाविले. मग यंत्र सुरू जाहले, गाणे लागले, होडी बंदरातल्या कासवाच्या खडकापासून निघाली, "येईन" या अक्षरांवर सूर लांबला, बाईंनी पेटी उचलिली आणि सूर संपताच दर्यात सोडिली. पेटी थेट तळास गेली. श्रीमंत टाळ्या पिटून बोलिले, "वाहवा, याला म्हणतात बुडणे!"

तिसरे प्रहरी बाई तोंडाचा रंग पुसून आल्या आणि हात पुढे करून बोलिल्या, "नारोपंत, माझी नथ द्या हो." नारोपंत सहज बोलिले, "पेटीत आहे." बाई बोलिल्या, "कोणत्या पेटीत?" तेव्हा नारोपंतांनी दर्याकडे पाहिले, मग बाईंनी दर्याकडे पाहिले. बाई मट्कन वाळूत बसल्या. ओरडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत, नुसते एवढेच म्हणाल्या, "अहो, माझ्या कुमुदची होती ती." नारोपंतांनी त्यांचे पाय धरिले आणि लहान मुलासारखे रडू लागले, आणि श्रीमंत, ज्यांचा आवाज तीन वाड्यांत ऐकू जाई, ते दोन्ही हात डोक्यावर ठेवून नुसते उभे राहिले.

वासू तांडेल तेथल्या तेथे सदरा फेकून पाण्यात शिरला. सूर्य बुडेपर्यंत बुड्या मारिल्या, दुसरे दिवशी उजाडताच पुन्हा मारिल्या. तळ खडकाळ, वर शेवाळ, आणि होडी नेमकी कोठे होती हे कोणास धड सांगता येईना. एक म्हणे अलीकडे, दुसरा म्हणे पलीकडे, आणि श्रीमंत तर भिंगात पाहत होते, त्यांस दर्या सगळीकडे सारखाच. वासू दमून वर आला आणि बाईंपाशी बसून बोलिला, "बाय, तुमी रडा नको. मी सोडूचंय नाय. पण नेमको जागो गावाक व्हयो मा! एवढ्या दर्यात खंय खंय शोधू?" तळ उठावयाचा दिवस जवळ आला होता, पुढली राजधानी घाटावर ठरली होती. बाई उगीच त्यास म्हणाल्या, "असू दे रे बाबा, तुझ्या जिवापेक्षा काय ती मोठी?" आणि तोंड फिरवून बसल्या.

तेव्हा नारोपंत उठले. त्यांनी आदल्या दिवसापासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. डोळे लाल, सदऱ्याची गुंडी चुकलेली, आणि नारोपंतांची गुंडी चुकलेली आम्ही प्रथमच पाहिली. ते बोलिले, "श्रीमंत, तो तुकडा पुन्हा घ्या." श्रीमंतांस वाटले याचे डोके फिरले. परंतु नारोपंत बोलिले, "अहो, होडी कासवाच्या खडकापासून निघाली, ती गाण्याच्या पहिल्या मात्रेस. वल्ही पडली ती ठेक्यावर. पेटी सुटली ती 'येईन'चा सूर संपताना. मग तोच खडक, तीच होडी, तीच माणसे, तेच गाणे, आणि भरती बंदराच्या धक्क्यावर कालच्याच पायरीस लागलेली ऐसे सगळे जुळविले, तर सूर संपेल तेथे पेटी असली पाहिजे. आयुष्यभर मी सातत्य राखिले ते लोकांनी बटण पाहू नये म्हणून. आज एकदा बाईंसाठी राखू द्या."  मग श्रीमंतांनी उठून नारोपंतांची गुंडी आपल्या हाताने नीट लाविली आणि हुकूम केला की, "तयारी करा."

तयारी करावयास गेले तो यंत्र नाही. ध्वनिफीत आणि यंत्र दोन्ही सकाळच्याच मोटारीने शहरास रवाना जाहली होती. आता गाणे कोणी म्हणावे? मृगेंद्ररावांनी मोठ्या मनाने एक ओळ म्हणून पाहिली, तेव्हा किनाऱ्यावरचे कुत्रे उठून दूर जाऊन बसले. ठेका चुकला तर होडी चुके, सूर लांबला तर जागा चुके. सर्वांच्या माना हळूहळू बाईंकडे वळल्या, आणि श्रीमंतांची मान खाली गेली.  बाई बोलिल्या, "शिवदास, पिकलेला आहे हो तो आवाज." श्रीमंत बोलिले, "बाई, चूक माझी. मी त्या कारभाऱ्याचे ऐकायला नको होते. गाल का?" बाई बोलिल्या, "आता विचारतोस होय रे!" आणि डोळे पुसून त्यांनी कोमट पाणी मागितले.

भरती कालच्या पायरीस लागली. मंडळी होडीत बसली. नारोपंतही बसले, आणि आम्हांसही बसविले, कारण काल आम्ही होडीत होतो आणि आमच्या वजनाचेही सातत्य होते, काय करणार! बाईंनी सूर लाविला. तो आवाज कोवळा नव्हता. किंचित घोगरा, पण ऐसा भरलेला की वल्ही आपोआप ठेक्यावर पडू लागली, आणि ओकारी येत असूनही आम्ही मान वर केली. "मागाया येईन" यावर सूर लांबला, संपला, आणि वासूने उडी घेतली. वाट पाहिली. वासू वर आला तो हातात कोणाची तरी फुटकी घागर. बाईंचा चेहरा उतरला. नारोपंत इकडे पाहत, तिकडे पाहत, एकाएकी मृगेंद्ररावांकडे पाहून ओरडले, "ट्यूब! सरदार, तुमची ट्यूब कोठे आहे?" मृगेंद्रराव लाजले. त्यांनी बाईंचे रडणे पाहिले होते, आणि मनाशी ठरविले होते की एवढ्या माऊलीसाठी आपण आज तरी भिऊ नये. म्हणून ट्यूब काढून ठेवून जीव तोडून वल्हविले होते. काल ट्यूबेने हात अडे, डावे वल्हे अर्धेच पडे आणि होडी डावीकडे खाई. आज होडी सरळ गेली आणि जागा चुकली. नारोपंत हात जोडून बोलिले, "सरदार, उपकार करा, कालच्यासारखेच भिकार वल्हवा." मृगेंद्रराव बोलिले, "अहो, किती मुश्किलीने काढली होती मी ती!" आणि पुन्हा ट्यूब बांधिली. त्या माणसाचे भय आणि त्याचे धैर्य दोन्ही आम्ही एकाच दिवशी पाहिले, पुन्हा कोणी त्यांस हसेल तर आम्ही ऐकून घेणार नाही.

पुन्हा कासवाचा खडक. बाई दमल्या होत्या, कपाळी घाम होता. वासू बोलिला, "बाय, दम पुरात मा?" बाई बोलिल्या, "तुझा पुरव, माझा मी बघते." होडी निघाली, डावीकडे खाऊ लागली, आणि नारोपंत कालचे आठवून मान डोलवू लागले की बरोबर, बरोबर. "मागाया ये..." सूर लागला. अर्ध्यावर बाईंचा आवाज कापला. त्यांनी होडीची कड धरिली, डोळे मिटले आणि सूर सोडिला नाही, मुळीच सोडिला नाही. गळ्याच्या शिरा दिसू लागल्या, मृगेंद्ररावांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, तरी वाईट वल्हविण्यात त्यांनी कसूर केली नाही. सूर संपला. वासू गेला.

आणि येईना. बुडबुडे आले, तेही थांबले. बाईंनी धापा टाकीत पुढली ओळ धरिली, "तेव्हा दे रे देणं," आणि तीच म्हणत राहिल्या, मग मृगेंद्ररावांनी धरिली, नारोपंतांनी होडीच्या कडेवर ठेका धरिला, किनाऱ्यावरून श्रीमंतांचा आवाज आला, मग आचारी, मग दिवेवाले, सारे राज्य एका ओळीवर आले. सुरात कोण होते हे पुसू नये. इतक्यात पाणी फुटले आणि वासू तांडेल वर आला. एका हातात दगड ओतून टाकलेल्या पेटीची कडी, दुसरा हात पोहण्यास, तोंड दम राखण्यास मिटलेले. मग नथ ठेवावी कोठे? जेथे नथ ठेवितात तेथे. भरघोस मिशांवर, नाकास चिमटलेली, लाल खड्याची मोत्यांची नथ झळकत होती. ते पाहून बाई ऐशा हसल्या, ऐशा हसल्या, की हसता हसता रडू लागल्या. वासू धापा टाकीत बोलिला, "बाय, आदी ही काडा! माज्या बायलेन बगल्यान तर घरात घेवची नाय." बाईंनी आपल्या हाताने ती त्याच्या नाकावरून उतरविली आणि त्याचे ओले डोके छातीशी धरिले.

पुढे श्रीमंतांनी ते गाणे बाईंच्याच आवाजात पुन्हा टिपविले आणि गायनाच्या कारभाऱ्यास त्याबद्दल विचारिले नाही. तळ उठण्यापूर्वी एक तुकडा राहिला होता: नायक पेटी उघडतो आणि वर नथ दिसते. सगळे जमले, पेटी आणिली, आणि नारोपंत उघड्या पेटीत पाहत उभे राहिले. बाईच बोलिल्या, "काय नारोपंत, सातत्य ना?" त्यांनी नुसती मान हलविली. मग बाईंनी शिवणाच्या डब्यातला पक्का धागा घेतला, एक टोक नथेच्या चापास बांधिले, दुसरे नारोपंतांच्या बोटास बांधून दोन गाठी मारिल्या, आणि नथ पेटीत ठेविली. नारोपंत पेटीमागे पालथे पडले. भिंगवाला पाहून बोलिला, "श्रीमंत, धागा दिसतो." सगळ्यांनी श्रीमंतांकडे पाहिले, कारण दोर कोणी सोडविला होता हे कोणी विसरले नव्हते. श्रीमंत बोलिले, "दिसू दे."

चित्रपट बेताचाच चालला. जाणकारांनी लिहिले की नायक गोड आहे, गाणे काळजास भिडते, परंतु खजिन्याच्या प्रसंगी एक धागा स्पष्ट दिसतो, ऐसा गलथानपणा कैसा जाहला कळत नाही. श्रीमंतांनी ते वाचून दरबारात मोठ्याने वाचून दाखविले आणि सर्वांस चहा दिला. त्याआधीच, माघात, कुमुदचे लग्न जाहले. वासू तांडेल बायकोसह आला, मृगेंद्रराव आले, नारोपंतांस फेटा बांधून पुढे बसविले. कुमुदच्या नाकी नथ चढविताना तिची आत्या बोलिली, "अगं, ह्याला धाग्याचा तुकडा राहिलाय, कापू का?" द्वारकाबाईंनी नारोपंतांकडे पाहिले, आणि हसून बोलिल्या, "राहू दे गं. सातत्य आहे ते."

इतके पाहिले, इतके लिहिले. नथ बुडाली, नथ निघाली, नथ नातीच्या नाकी पोचली. लेखकाने त्यानंतर होडीत पाऊल ठेविले नाही. वाचणारांचे कल्याण असो.